काट्याक मान दी

परबकाका दुसऱ्याच्या ताटात बघतात. चोरून नाही, चक्क खुर्ची वळवून. शेजारच्या टेबलावरचा अनोळखी माणूस मासा कसा खातो, याचा ते थोडा वेळ अभ्यास करतात आणि तो चुकला की त्याला तिथल्या तिथे सांगतात, "बांगडो हा तो, बिस्किट न्हय. मोडतस कित्याक? काट्याक मान दी."

"काट्याक मान दी" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माशाला मान सगळेच देतात, काट्याला कोण देतं, असा त्यांचा सवाल असतो.

दहिसरच्या चाळीत काका माझ्या शेजारच्या खोलीत एकटेच राहतात. वडील गिरणीत होते, स्वतः एका कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. मी मंगळवेढ्याकडचा, ज्वारीवर वाढलेला, घरातला पहिला पदवीधर. कांदिवलीला नोकरी लागली तेव्हा या शहरात मला कुणी ओळखत नव्हतं. काकांनी खोली मिळवून दिली, पाणी कधी येतं ते सांगितलं आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "रविवारी पाला खावक जाऊया."

पाला म्हणजे आमच्याकडे शेळीला घालतात तो. काकांचं पथ्य असेल, असं समजून मी सकाळीच पोटभर पोहे खाऊन निघालो. बोरिवलीहून गोराईच्या जेट्टीवर गेलो, होडीने खाडी ओलांडली, तरी माझ्या डोक्यात पालेभाजीच. पलीकडे काकांच्या ओळखीच्या एका कोळीण मावशींच्या खानावळीत ताट समोर आलं तेव्हा कळलं, पाला हा मासा आहे.

"मला वाटलं, भाजी असेल," मी म्हणालो.

"घाटी मेलो," काका मावशींना म्हणाले. "ह्येका काय म्हायत?"

मावशींची खानावळ म्हणजे त्यांच्या घराचा ओटा. वर पत्रा, खाली चार टेबलं. नवरा होडीवर जातो, सून तळते, मावशी वाढतात. ऑर्डर घ्यायची पद्धत नाही. जे आलं असेल ते ताटात येतं.

पाला चवीला सुरेख, पण आत कुणी सुयांचं पाकीट उपडं केलंय, असं वाटावं इतके काटे. काकांनी मला तो खायला शिकवला. स्वतः हात न लावता, नुसतं बोलून. आणि शिकवताना त्यांची भाषाच बदलायची. एरवी मला 'मेल्या' म्हणणारे काका मऊ आवाजात म्हणायचे, "थांबा हां, घाई नको. आधी कडेचा काढते. मग मधला. आता बोटाने चाचपून बघते, बारीक राहिला का."

थांबा, काढते, बघते. मला नवल वाटायचं. मी मराठी घेऊन बी.ए. झालो, पण पुरुषाने 'काढते' म्हणायचं हे काही अभ्यासक्रमात नव्हतं. मालवणीत असेल तशी रीत, म्हणून मी सोडून दिलं.

तेव्हापासून बहुतेक रविवारी आम्ही गोराईला जातो. वाटेत होडीत काका पाल्याचं गुणगान करतात. पापलेट म्हणजे पाहुण्यांसाठी, सुरमई म्हणजे पैसेवाल्यांसाठी, खाणारा माणूस पाला खातो. पण ओट्यावर बसलं की मावशी न विचारता त्यांच्यापुढे कोळंबी ठेवतात. "तू खा रे," ते मला म्हणतात, "मी गावाक पोटभर खाल्लंय." आणि माझा प्रत्येक घास तोंडात जाईपर्यंत बघत राहतात.

गेल्या महिन्यात शेजारच्या टेबलावर कांदिवलीचं एक कुटुंब होतं. त्यातल्या तरुणाने पाल्याची तुकडी चमच्याने कापली. काकांची खुर्ची वळली. काट्याला मान कसा द्यायचा, हे त्याला सविस्तर सांगून झालं. तो बिचारा ऐकत होता, बायको हसत होती. शेवटी त्याने एक तुकडी बशीत घालून काकांपुढे सरकवली.

"काका, एकदा करूनच दाखवा ना. आम्ही बघून शिकतो."

त्याच्या बोलण्यात खोडसाळपणा नव्हता, हीच पंचाईत. चारही टेबलांवरचे हात थांबले. हा ओटा म्हणजे काकांचा दरबार. इथे सगळे त्यांना माशातले दर्दी म्हणून ओळखतात. काकांचा हात बशीवर गेला आणि तिथेच राहिला.

"चष्मो घराक रवलो," ते म्हणाले.

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

मी सोलकढी आणायच्या निमित्ताने मावशींकडे दारात गेलो. त्या हळूच म्हणाल्या, "त्याला कुठं येतं रं? लहानपनी घशान काटा अडकला व्हता. तवापासून हात भितो त्याचा. आधी आई काढून द्यायची, मंग बायको."

"काकी?"

"तुझ्यासारखीच घाटावरची, फलटनची. लगीन झालं तवा म्हावऱ्याच्या वासानं पळायची. याला पाला आवडतो म्हनून इथं वट्यावर बसून शिकली माझ्याकडनं. ती गेली, तवापासून कोलंबी खातो. कोलंबीला काटा नाय ना."

थांबा हां. काढते. बघते. मालवणीतली रीत नव्हती ती.

मी परत आलो, काकांसमोरची बशी माझ्याकडे ओढली आणि त्या तरुणाला म्हणालो, "आज माझी परीक्षा आहे. काका हात लावणार नाहीत, फक्त मार्क देणार."

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "बघूया," ते म्हणाले. "गेल्या खेपेक काठावर पास झाललो हो."

मी सुरुवात केली. आधी कडेचा काढला. मग मधला. बोटाने चाचपून बघितलं. ओट्यावर सगळे बघत होते. तरुण मान डोलावत होता, त्याच्या बायकोने मुलीच्या ताटातली तुकडी घेऊन तसंच करून बघायला सुरुवात केली. मी साफ केलेला घास काकांच्या ताटात, कोळंबीच्या बाजूला ठेवला. त्यांनी तो लगेच उचलला.

"थांबा हां," मी म्हणालो. "बारीक एक राहिलाय. काढतो."

काका थांबले. मी काटा काढला. त्यांनी घास तोंडात घातला आणि डोळे मिटून तो इतका वेळ चावला, की तरुणाने काळजीने विचारलं, "काय झालं काका? काटा लागला?"

काकांनी मानेनेच नाही म्हटलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "घाट्यांच्या हाताक गुण आसा."

आणि आपलं ताट त्यांनी हळूच माझ्या बाजूला सरकवलं.