मोतीबिंदू आणि एकतीस मे

सरकारकडून काम कसं काढून घ्यावं, हे मला कुणी शिकवू नये! नगरच्या कचेरीत चौतीस वर्षं फायलींवर शेरे मारले आहेत मी. तेव्हा आमच्या हिच्या, म्हणजे चांगुणाच्या, डोळ्यांचं ऑपरेशन सरकारी खर्चानेच करणार, असं मी छातीठोकपणे सांगून टाकलं. नोकरी आहे तोवर बायकोच्या दवाखान्याचं बिल सरकार भरतं. एकदा पेन्शनीत निघालात, की तुमचे डोळे तुमच्यापाशी! आणि माझी निवृत्ती होती एकतीस मे बाहत्तरला.

एप्रिलात डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बॅटरी मारून पाहिलं.

"मोतीबिंदू अजून पिकला नाही. श्रावणात या."

"मेच्या आत नाही का पिकणार?"

"आंबा आहे का तो, अढीत घालायला?"

परतताना चांगुणा वाटेतल्या म्हशीला म्हणाली, "सरा की वो बाई जरा." मी तिचा हात धरून म्हशीला वळसा घातला.

मग युक्ती सुचली. मोतीबिंदू लवकर येत नसेल, तर निवृत्तीच लांबवावी! आमच्या पिढीत निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं. शाळेत नाव घालताना मास्तरच अंदाजाने तारीख टाकायचे. आई मात्र म्हणायची, तू दिवाळीतला. म्हणजे माझ्या नोंदीतल्या एक जून १९१४ ऐवजी त्याच सालची दिवाळी ठरली, की पाच महिने नोकरी वाढली! मी अर्ज ठोकला. साहेब म्हणाले, "पुरावा आणा."

पुरावा पुणतांब्याला होता. माझी आत्या साळूबाई, वय पंच्याहत्तर, स्मरणशक्ती ठणठणीत. तिला एसटीने आणलं आणि वाटभर पढवलं.

"दिवाळी म्हणायचं, आत्या. फक्त दिवाळी."

"व्हय रं, ध्यानात हाय!"

साहेबांनी विचारलं, "आजीबाई, रंगनाथरावांचा जन्म कधीचा?"

"दिवाळीचा!"

मी सुस्कारा सोडला. तिथेच तिला उठवायला हवं होतं. पण आत्याला बशीभर चहा मिळाला होता आणि साहेब मन लावून ऐकत होते!

"मीच न्हाऊ घातलं की याला! आन् म्हैना-दोन म्हैन्यात दिल्लीला राजाचा दरबार झाला. गावात साखर वाटली, ती मी याच्या जिभंवर ठिवली!"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "दरबार अकरा सालचा. रंगनाथराव, तुम्ही अडीच वर्षांपूर्वीच निवृत्त व्हायला हवं होतं!"

"साहेब, म्हातारं माणूस, साल चुकलं असेल..."

"माजं चुकंल?" आत्या कडाडली. "जर्मनची पयली मोठी लढाई लागली तवा तू नागडा गावभर पळत हुतास! पटत नसंल तर शेजारच्या मनकर्णेला इचारा, अजून जित्ती हाय ती!"

मी हात जोडून अर्ज मागे घेतला. एकतीस मेला हार-नारळ घेऊन मुकाट्याने घरी आलो. चांगुणाने हार चाचपून पाहिला, म्हणाली, "झेंडूचा हाय ना?" होता गुलाबाचा. मी हो म्हणालो.

श्रावणात संगमनेरला नेत्रशिबिर भरलं. ऑपरेशन फुकट! कुणी नोकरी विचारली नाही, की जन्मतारीख. मी मात्र सवयीने सगळ्या कागदांच्या नकला पिशवीत घेऊन बसलो होतो.

पुढे चष्मा मिळाला. जाड भिंगांतून चांगुणाने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"अगं बाई! तुमी कवा वो एवढं म्हातारं झाला?"

"एकतीस मेला," मी म्हणालो. "तशी सरकारी नोंद आहे."