तेरा मिनिटं आधीची दाद

सातारा जिल्ह्यात गाणं-बजावणं खऱ्या अर्थानं कळणारी माणसं तीन. त्यातले एक वारले, दुसरे मुलाकडे पुण्याला राहायला गेले. उरलो मी! हे मी म्हणत नाही हं, आमच्या साप्ताहिकाचे संपादक म्हणतात. म्हणजे एकदा म्हणाले होते, मी सदर बंद करतो म्हणून रुसून बसलो होतो तेव्हा.

माझं नाव चिंतामण. नोकरी पाटबंधारे खात्यात, पण जीव सगळा शनिवारच्या अंकातल्या तिसऱ्या पानावर. तिथे माझं ‘कानावर आलेलं’ हे सदर येतं. साल शहाण्णव. घरोघरी केबल आलेली, दिवसभर गाणी चालू, आणि जो उठेल तो डोक्याला रुमाल बांधून गिटार घेऊन उभा! साताऱ्यात नवा ऑर्केस्ट्रा आला की मी पहिल्या रांगेत. सांगलीच्या कॉलेजात पोरांनी बँड काढला की मी एसटीनं सांगलीला. त्या पोरांबद्दल मी लिहिलं होतं, ‘धूर उत्तम होता.’ तेवढ्यावरून पोरं महिनाभर माझा पत्ता शोधत होती.

एकच खोड आहे मला. सूर मनासारखा लागला की माझा उजवा हात आपोआप वर जातो. मी नेत नाही, तो जातो! वाईला एका मैफलीत पुढच्या बाईंचा अंबाडा सुटला होता. तेव्हापासून आमची सौ. उमा कार्यक्रमात माझ्या डाव्या बाजूला बसते.

तर त्या माघात माझ्याकडे हरिबा आला. हरिबा म्हणजे क्लॅरिनेटवाला. वय पन्नाशीचं. तीस वर्षं दुसऱ्याच्या बँडमध्ये लग्नं वाजवली आणि आता अकरा माणसं जमवून स्वतःचा बँड काढलेला. मी त्याचा सराव एकदा ऐकला होता. काय गोडवा! कीबोर्डवाल्यांनी पाया पडावं असा.

“सायब, औंधाकडच्या आप्पासो सुभेदारांच्या पोरीचं लगीन आमाला मिळालंय,” हरिबा म्हणाला. “त्येच गावच्या यात्रा कमिटीचं अध्यक्ष हायती. लग्न झ्याक झालं तर चैताची यात्रा आमाला देतो म्हणालेत. यात्रा मिळाली तर बँड टिकंल. न्हाईतर माजी माणसं जुन्या मालकाकडं परत जात्याली, आन् मागनं मीबी.”

“मग अडचण काय?”

“सुभेदार येळेला लय कडक! थोरल्याच्या लग्नात बँड अर्धा मिनिट उशिरा वाजला, तर त्यास्नी त्यो बँड जेवू न घालता घालवला. आमी उभं ऱ्हाणार वेशीपाशी. कर्ण्यातनं मंगलाष्टका ऐकू येत्यात, पर बायका एकामागनं एक म्हणत्यात. शेवटची कंची, कळावं कसं? मांडवातनं कुणीतरी खूण कराय पायजे. ताल कळणारा माणूस पायजे, सायब.”

ताल कळणारा माणूस! मी खुर्चीत ताठ झालो.

“हरिबा, खूण मी करतो! भटजींचा शेवटचा शब्द आणि तुझी पहिली थाप यांच्यामध्ये केससुद्धा जाणार नाही! आणि शनिवारी पूर्ण पान तुझ्या बँडवर!”

स्वयंपाकघरातून उमा म्हणाली, “अहो, हात कुठला वापरणार?” मी तिकडे दुर्लक्ष केलं.

लग्नाच्या दिवशी मला मांडवाच्या दाराशी एका लाकडी टेबलावर उभं केलं. हातात लाल टॉवेल. टॉवेल वर गेला की लग्न लागलं, वाजवा! इतकी सोपी खूण. तिथून वेशीपाशी उभा असलेला बँड स्पष्ट दिसत होता. नवे निळे कोट घातलेले अकरा जण, आणि पुढे हरिबा, क्लॅरिनेट तोंडाशी धरून माझ्याकडे एकटक बघत.

आप्पासो येऊन माझ्याकडे खालून वर बघून गेले. फौजेतून निवृत्त झालेले, मिशा अजून ड्युटीवर.

“मुहूर्त बारा सदतीस,” ते म्हणाले. “छत्तीस न्हाई, अडतीस न्हाई.”

“काळजीच नको, आप्पासो!”

मंगलाष्टका सुरू झाल्या. अंतरपाटाच्या एका बाजूला त्यांची संयोगिता, दुसऱ्या बाजूला नवरदेव राजवर्धन. तोही फौजेतलाच, त्यामुळे अंतरपाटाकडे बघत सावधान उभा. भटजींनी दोन म्हटल्या. मग नवऱ्याच्या मावशीनं एक म्हटली, तिच्यात नवऱ्याकडच्या सगळ्यांची नावं होती आणि चाल नव्हती. मी घड्याळात पाहिलं. बारा चोवीस. भरपूर वेळ.

मग माईक तानुबाईंकडे गेला. आप्पासोंची थोरली बहीण. सत्तरीची, काटकुळी, नाकावरून चष्मा घसरलेला. लोक आपापसात बोलत होते, एकमेकांच्या डोक्यावर अक्षता मारत होते. म्हातारीनं सुरुवात केली आणि माझे कान टवकारले. सूर! अहो, खरा सूर! शिकलेला नाही, जात्यावर घासून आलेला. आणि ‘लेक’ या शब्दावर ती वर गेली, तिथे थांबली, आवाज किंचित कापला आणि मग जे हळूच खाली उतरली…

“वाऽऽऽ!”

हात वर गेला होता. हातात टॉवेल होता.

धडाड्धूम! हरिबानं माझा शब्द खरा केला. केससुद्धा गेला नाही मध्ये! अकरा माणसं एकदम सुरू झाली. बँड ऐकून फटाकेवाल्यानं माळ पेटवली. माळ ऐकून पाचशे माणसांनी हातातल्या सगळ्या अक्षता एकदम फेकल्या. लग्न लागलं! नवरीच्या मामानं हात जोडायला अंतरपाटाचं टोक सोडलं. भटजी “अहो, थांबा! थांबा!” म्हणत ते टोक पकडायला झेपावले आणि राजवर्धननं हुकूम मिळाल्यासारखा पुढे टाकलेला हार बरोब्बर भटजींच्या गळ्यात पडला!

मी टेबलावरून बँडकडे बघत टॉवेल जोरजोरात हलवला. बंद करा! बंद करा!

आता आमच्याकडे बँडसमोर टॉवेल हलवला की त्याचा अर्थ एकच होतो, वाढवा! सगळ्या वराती अशाच नाचतात. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं की! पण त्या क्षणी डोकं चालेल तर ना. मी जितका टॉवेल हलवीन तितका हरिबा खूश होऊन लय वाढवत होता. शेवटी ढोलवाला नाचायलाच लागला.

मी टेबलावरून उडी मारली आणि वेशीकडे धावलो. पण लग्न लागलं म्हटल्यावर आमच्या भागातली माणसं कुठे धावतात? पंगतीकडे! पाचशे माणसं जेवणाकडे निघालेली, मी त्यांच्या उलट. दोन पावलं पुढे, दहा मागे. कुणीतरी प्रेमानं दंडाला धरलं. “बसा, सायब, बसा! लाजू नगा!” आणि मी पत्रावळीसमोर मांडी घालून बसलेलो! उठणार तेवढ्यात वाढप्यानं बुंदी वाढली, शेजारच्या म्हाताऱ्यानं आग्रहानं एक मूठ माझ्या तोंडातच घातली.

तेवढ्यात बँडच्या वरताण एक आवाज आला.

“थाऽऽम!”

सुभेदार! बँड जागच्या जागी थांबला. सगळं गाव थांबलं. घास तोंडाशी नेलेले हात तसेच अधांतरी राहिले.

“बारा सव्वीस झाल्यात!” आप्पासो गरजले. “लगीन लागलं न्हाई, आन् तुमी वाजवताय? खूण कुणी दिली?”

हरिबानं पंगतीकडे पाहिलं. मला पाहिलं. माझ्या तोंडात बुंदी होती.

“कुणी न्हाई, आप्पासो,” तो म्हणाला. “माजीच नजर चुकली.”

वाचकहो, त्या वेळी मी बुंदी गिळून उभं राहायला हवं होतं. मी नुसती गिळली. माझी मला लाज वाटली, आणि तरीही मी बसून राहिलो.

पुढची अकरा मिनिटं म्हणजे निव्वळ लष्करी मोहीम होती. “पंगत उठा! हात धुवा! मांडवात फॉलिन!” आप्पासोंनी माईकवरून हुकूम सोडले. भटजींच्या गळ्यातला हार नवऱ्याकडे परत गेला. अक्षता संपलेल्या, तर बायकांनी पोत्यातली ज्वारी काढून तिला घाईघाईनं हळद लावली. ती इतकी ओली होती की मुठीतून सुटेना. मी पुन्हा टेबलावर. दोन्ही हातांनी टॉवेल पोटाशी आवळून धरलेला. या खेपेला चूक नाही म्हणजे नाही! मी कानांत बोटं घातली असती, पण मग टॉवेल कुणी धरायचा?

बारा सदतीस! भटजींचा शेवटचा शब्द! टॉवेल वर!

शांतता.

मी बँडकडे पाहिलं. हरिबा माझ्याकडे बघत होता. क्लॅरिनेट तोंडाशी, भुवया वर. त्यानं मान वाकडी करून विचारलं, खरंच का?

“खरंच!” मी मान हलवली. एकदा पोळलेला माणूस! त्यानं मागच्यांना हातानं थोपवलं आणि पुन्हा विचारलं, नक्की ना? मगासारखं न्हाई न्हवं?

मी टेबलावर उड्या मारायला लागलो. “अरे, नक्की! नक्की!” टेबलाचा एक पाय मोडला आणि मी टॉवेलसकट खाली गेलो. मांडवात ओल्या ज्वारीचे गोळे नवरा-नवरीच्या अंगावर पच्‌पच् पडत होते, त्याखेरीज कसलाही आवाज नव्हता. बँड वाजला तो पुरत्या एका मिनिटानं. थोरल्याच्या वेळेपेक्षा दुप्पट उशीर!

आप्पासो सावकाश चालत वेशीपाशी गेले. मी लंगडत त्यांच्या मागे.

“हरिबा,” ते म्हणाले, आवाज अजिबात न चढवता, “एकदा आदी, एकदा मागनं. आता जेवून जा. यात्रेचं मातुर इसरा.”

हरिबानं क्लॅरिनेटचे सांधे सोडवले आणि एकेक तुकडा पुसून पेटीत ठेवायला लागला. मागची अकरा माणसं एकमेकांकडे बघत होती. उद्या जुन्या मालकाला कोणत्या तोंडानं भेटायचं, हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते काही मला बघवेना.

“आप्पासो!” मी म्हणालो. “चूक माझी! दोन्ही वेळची! खूण मी दिली!”

“बारा चोवीसला?” त्यांच्या मिशा थरथरल्या. “का दिली?”

“दिली नाही, गेली! तानुबाई ‘लेक’ म्हणून वर गेल्या आणि तिथून ज्या उतरल्या, तिथे… हात वर गेला. दाद द्यायला. मला भान नाही राहिलं. काय म्हणायचं ते मला म्हणा, हरिबाची यात्रा काढून घेऊ नका!”

वेशीपाशी बरीच माणसं जमली होती. त्यांच्यातून वाट काढत तानुबाई पुढे आल्या. चष्मा वर सारून त्यांनी मला नीट निरखलं.

“कुटं गेला म्हनं हात?”

“‘लेक’वर, आजी. तुमचा आवाज तिथे जरासा कापला, त्यावर.”

“त्यो कापतोच तितं,” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्सं झाली म्हनतीया मी ही मंगलाष्टका. माज्या पोरीच्या लग्नाला बांदली, ती पहिल्या बाळंतपणात गेली. तवापासनं गावातल्या समद्या पोरींना म्हनती. लोकं बोलत बसत्यात, पोरं माज्या टकुऱ्यावर अक्षता मारत्यात. आज पयल्यांदा कुणीतरी ऐकली.”

माझा उजवा हात पुन्हा वर जायला लागला, मी तो डाव्या हातानं धरून ठेवला.

“आक्का, पर मुहूर्त…” आप्पासो पुटपुटले.

“मुहूर्तावर लगीन लागलं का न्हाई?”

“लागलं.”

“मग झालं की! यात्रा ह्यास्नीच द्यायची. देवीच्या यात्रंतबी माणूस गाणं ऐकून येडा व्हतोय, त्यात वंगाळ काय हाय?”

फौजेत सुभेदार असलेला माणूस घरी थोरल्या बहिणीपुढे शिपाईच असतो. आप्पासोंनी मान डोलावली. हरिबानं पेटी परत उघडली. त्याचे डोळे भरून आले होते आणि माझेही.

“देतो यात्रा,” आप्पासो म्हणाले, “पर एका अटीवर.” आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

चैत्रात यात्रा झाली. म्हणे पालखीपुढे हरिबानं असं वाजवलं की पंचक्रोशीत त्याचंच नाव झालं. म्हणे तानुबाईंनी माईकवरून देवीचं गाणं म्हटलं, आणि या खेपेला सगळं गाव गप्प बसून ऐकत होतं. हे सगळं ‘म्हणे’, कारण यात्रेच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत आप्पासोंचा एक निवृत्त हवालदार साताऱ्यात आमच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. उमानं त्याला तीनदा चहा दिला.

दुसऱ्या दिवशी हरिबा पेढे घेऊन आला. मी अधीर होऊन विचारलं, “कसं झालं रे? शनिवारी पूर्ण पान द्यायचंय, सगळं सांग!”

“लय निवांत वाजवलं, सायब,” तो मनापासून म्हणाला. “तुमी न्हवता न्हवं.”