दोन खुर्च्या आहेत

वाचलेलं माणसाला कळतं, ही गोष्ट आजवर कोणीही सिद्ध करून दाखवलेली नाही. माणूस ‘कळलं, कळलं’ म्हणतो आणि उठून जातो; कागदोपत्री काही उरत नाही. संगणकाला कळलं की नोंद होते. म्हणूनच इंटरनेटवरच्या मजकुराचा अर्थ संगणकाला समजावून सांगण्यासाठी आमचा अर्थनिश्चिती कक्ष स्थापन झाला (दुसरा मजला, झेरॉक्स मशीनच्या मागे). मी तिथे वरिष्ठ सहायक आहे.

पद्धत अत्यंत सोपी आहे. संगणकाला अक्षरं दिसतात, अर्थ दिसत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक वाक्याचे तीन तुकडे करतो: कोण, कशाशी आणि कोणत्या नात्याने. मंजूर नाती दोनशे चौदा आहेत. ‘चा भाग आहे’, ‘च्या आधी येतो’, ‘पासून बनतो’, ‘चा साडू आहे’ (हे शेवटचं साहेबांनी आग्रहाने घालून घेतलं, का, ते विचारायची प्रथा नाही). साबण ही वस्तू आहे, हे आमचा संगणक आता छातीठोकपणे सांगतो. त्याला वर्ष-दीड वर्षच लागलं.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि शिलाई मशीनवाल्या काकांचं पान आलं. काकांचं मशीन दुरुस्तीचं छोटं दुकान. पान भाच्याने करून दिलेलं, मजकूर मात्र काकांचा:

‘शिलाई मशीन दुरुस्त करून मिळेल. वेळ दहा ते सहा. ही गेल्यापासून दुपारीही दुकानातच असतो. मशीन बिघडलं नसलं तरी या. दोन खुर्च्या आहेत.’

पहिली दोन वाक्यं चहा येण्याआधी झाली. तिसऱ्याला थोडा वेळ लागला (‘परत येण्याचा दिनांक’ हा रकाना सक्तीचा आहे, तिथे आम्ही ‘अनिश्चित’ भरलं). चौथ्यात घोडं अडलं. दुरुस्तीच्या दुकानात बिघडलेली वस्तू येते, हा नियम संगणकाला आम्हीच शिकवलेला. मग चांगलं चालणारं मशीन मागवणारा माणूस एक तर दुकानदार नाही, किंवा मशीन बिघडवणारा आहे. संगणकाने दुसरा पर्याय निवडला आणि पानावर ‘संशयास्पद’ असा शेरा मारला. संशयास्पद पानं लोकांना दिसत नाहीत. त्यामुळे ज्यांचं मशीन खरोखर बिघडलं होतं, तेही काकांकडे जाईनासे झाले.

महिन्याने काकांचा फोन आला.

“अहो, कुणी फिरकलंच नाही. माझं काही चुकलंय का?”

“चुकलेलं नाही, काका. अर्थ प्रलंबित आहे.”

“बरं बरं. तुम्ही जेवलात का?”

हा प्रश्न विषयाला धरून नसल्याने नोंदवला नाही.

आवक-जावक सांभाळणाऱ्या बाई पलीकडून ऐकत होत्या. “त्यात काय कळायचंय? म्हाताऱ्याला करमत नाही. कुणीतरी जाऊन बसा की घटकाभर!” या निष्कर्षाला त्यांना चार सेकंद लागले. साहेब समजुतीने म्हणाले, “बाई, तुम्हाला कळून काय उपयोग? संगणकाला कळलं पाहिजे.”

खरंच आहे. ‘करमत नाही’ हे दोनशे चौदांत नव्हतं. समिती नेमली. सात सदस्य, अकरा बैठका, दोन उपसमित्या (एक करमण्यासाठी, दुसरी न करमण्यासाठी; दुसरीला उपस्थिती चांगली होती). एका सदस्याच्या मते हा प्रकार हवामानात मोडत होता. आठ महिने घोंगडं भिजत पडलं, पण अखेर नातं क्रमांक दोनशे पंधरा मंजूर झालं आणि संगणकाला काकांचा अर्थ कळला. खात्री चौऱ्याण्णव टक्के! टाळ्या वाजल्या. खोटं कशाला सांगू, माझे तर डोळे भरून आले.

एका संगणकाला कळलं की तो इतरांना सांगतो. महिनाभरात अकरा हजार चारशे सहा संगणक काकांच्या पानावर येऊन गेले आणि काकांना करमत नाही, हे प्रत्येकाला स्वतंत्रपणे पटलं. या काळात दुकानात आलेली माणसं: शून्य. (बाई जाणार होत्या, पण समितीचं इतिवृत्त लिहायचं असल्याने त्यांची रजा नामंजूर झाली.)

गेल्या सोमवारी काकांनी शेवटचं वाक्य बदललं. ‘एक खुर्ची देणे आहे.’

हे संगणकाला पाव सेकंदात कळलं. वस्तू: खुर्ची. संख्या: एक. स्थिती: न वापरलेली. ना शंका, ना समिती. कक्षाच्या इतिहासातला हा सर्वांत स्वच्छ अर्थ म्हणून साहेबांनी ती खुर्ची आमच्यासाठीच मागवून घेतली. टेम्पोवाला सांगत होता, काका ‘बसा, बसा’ म्हणत होते, पण गाडी लावायला जागा नव्हती. मी हे त्याच खुर्चीत बसून लिहितो आहे. पाठ अजिबात दुखत नाही.

आता तुमच्याविषयी. काकांचं म्हणणं तुम्हाला कधी कळलं? बाईंच्या बरोबरच कळलं असणार. तुम्ही काही संगणक नाही. तरीही शेवटपर्यंत आलात, मधे कुठे हसलातही. ते दुकान कुठे आहे हे मी एकदाही लिहिलं नाही, आणि तुम्हीही विचारलं नाहीत. तुमच्या नावापुढे ‘अर्थ कळला’ अशी नोंद केली आहे.