फाटकावरची शर्मेन

युफेमिया मॅमनी ठरवूनच टाकलं होतं, यंदा शाळेच्या फाटकावर झळकणार तर आपलाच चेहरा! फिलिपिन्समधल्या लेयते बेटावरच्या त्या गावात कुणी साधी परीक्षा पास झालं तरी त्याचा पलंगाएवढा फ्लेक्सचा फलक लागायचा. आणि जन्मभर विज्ञान शिकवणाऱ्या युफेमियाचा? पासपोर्टएवढा फोटोसुद्धा कधी लागला नव्हता.

यंदा लागला तो शर्मेनचा! कालची पोर. सेबू शहरात जाऊन मुलांना 'हाताने करून शिकवायचं' प्रशिक्षण घेऊन आली काय, अन् मुख्याध्यापकांनी सगळी बत्तीशी दिसेल असा तिचा फलक लावला काय! रोज त्याखालून जाताना युफेमियाचा नुसता जळफळाट व्हायचा.

शनिवारी शर्मेनने पालकांसमोर मुलांकडून पाण्याची रॉकेटं उडवून घेतली. प्लास्टिकची बाटली, थोडं पाणी, सायकलचा पंप. एक रॉकेट तर नारळाच्या शेंड्यापर्यंत गेलं. टाळ्याच टाळ्या!

"त्यात काय मोठंसं?" युफेमिया बाह्या सरसावत पुढे आली. "आणा तो पंप इकडे. माझं चर्चच्या घंटेला शिवून येईल!"

"मॅम, बास आता, बाटली फुगलीय," शर्मेन म्हणाली.

"तू मला शिकवणार?" युफेमियाने आणखी जोर लावला.

"तसं नाही हो, पण स्टँड कलतोय..."

फट्! रॉकेट आकाशाकडे गेलंच नाही. मुख्याध्यापकांना नखशिखांत भिजवून ते थेट फाटकाकडे सुटलं आणि फलकावरच्या शर्मेनचे पुढचे दात पाडून पलीकडे गेलं!

मग एक आजीबाई म्हणाल्या, "अगं बाई, काय नेम आहे!"

"शपथ घेते, मुद्दाम नाही केलं!" युफेमिया रडकुंडीला आली. तेवढ्यात शर्मेनच येऊन तिच्या गळ्यात पडली. "मॅम, इतका दाब तर आमच्या प्रशिक्षणातही कुणाला जमला नव्हता!" मेली चिडली असती तरी परवडलं असतं!

सोमवारी फाटकावर नवा फलक लागला. दुप्पट मोठा. शर्मेनचाच.

युफेमिया फणफणत घरी आली, तर नवरा नेस्तोर शिडीवरून उतरत होता.

"अगं, बघ तरी! स्वयंपाकघराचं छप्पर आता गळायचं नाही. शाळेने जुना फलक फुकट दिला!"

चुलीच्या बरोब्बर वर शर्मेन तोंडभर हसत होती.

"आणि ते भोक?" युफेमियाने कसंबसं विचारलं.

"बुजवलं की! तुझं जुनं ओळखपत्र चिकटवलं. प्लास्टिकचं आहे, थेंब येणार नाही."

युफेमियाने मान वर केली. अखेर तिचाही फोटो फलकावर लागला होता, शर्मेनच्या दातांच्या जागी.