डाव्या हाताची पंगत

बडोद्यात लाकूड कोरून छापचित्रं काढणारे पुष्कळ आहेत, पण माझ्याइतकं चोख काम करणारा तुम्हाला मिळायचा नाही. हे मी नाही म्हणत. म्हणजे, मीच म्हणतो, पण अगदी तटस्थपणे म्हणतो.

त्यामुळे 'आपण कोण?' या छापचित्रांच्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं, तेव्हा मी चारुला, म्हणजे बायकोला, सांगून टाकलं की बाकीचे चित्रकार आता घरी बसले. विषय होता नाना जातीधर्मांची माणसं आणि त्यांची ओळख. आमच्या गल्लीत हा विषय दारोदार खुर्ची टाकून बसलेला असतो. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, पतंग उडवून झाले की सगळी गल्ली आमच्या गच्चीवर उंधियु खायला जमते. ती पंगतच मी कोरायला घेतली. सगळ्यांना ठेवणीतल्या कपड्यांत, घास हातात धरून बसवलं. रमणीकभाई कापडवाले पुढची जागा मिळावी म्हणून मला रोज सकाळी गरम फाफडा पाठवत होते. त्यांची अट एकच, जुळा भाऊ जमनीक चित्रात दिसता कामा नये. वडिलांचं दुकान वाटून घेतल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं. तसे दोघे एकाच साच्यातले. रमणीकभाईंचा तीळ उजव्या गालावर, जमनीकभाईंचा डाव्या, एवढाच काय तो फरक.

लाकडावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, हे मला कुणी शिकवायला नको. पंगतीमागच्या फरसाणाच्या दुकानाची पाटी मी अक्षर न् अक्षर उलटं करून कोरली. माणसंही उलटी होतात, हे मात्र डोक्यातच आलं नाही. माणसाचं काय, कुठूनही बघा, नाक मधेच असतं!

उद्घाटनाला दिल्लीच्या आयोजक सान्यालबाई माझ्या चित्रासमोर थबकल्या. अख्खी पंगत डाव्या हाताने जेवतेय, म्हणाल्या, केवढं हे बंड. मी पाहिलं. खरंच जेवत होती. चूक ध्यानात आली, पण तोंड आपलं बोलून गेलं, "हो. मुद्दामच."

आणि नेमकी त्याच वेळी मागे आमची गल्ली येऊन उभी होती. अत्तरं लावून, गजरे माळून.

हकीमुद्दीनभाईंचं गल्लीच्या तोंडाशी काचेचं दुकान आहे. माणूस इतका शांत की गिऱ्हाइकाच्या हातून काच फुटली तरी त्यालाच पाणी देतील. त्यांनी चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मृगांकभाई, मला डाव्या हाताने जेवताना कधी पाहिलंत?"

शेजारच्या हसुमतीबेननी चष्मा पुसून पुन्हा लावला. "आमचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो. ही डाव्या खांद्याची बाई कुणाच्या घरची?"

चूक म्हणावी तर बाईंपुढचं बंड बारगळतं, मुद्दाम म्हणावं तर उद्यापासून गल्लीत आम्हाला विरजणापुरतं दहीसुद्धा मिळणार नाही.

तेवढ्यात दारातून हुंदका आला. जमनीकभाई आले होते, खरं तर लांबून नाक मुरडायला. पंगतीच्या मधोमध डाव्या गालावर तीळ घेऊन बसलेला माणूस दिसला आणि ते विरघळले. "मला वगळलं नाहीत," म्हणत त्यांनी मला मिठीच मारली.

"तो मी आहे," रमणीकभाई म्हणाले.

"तीळ बघ की, आंधळ्या."

कित्येक वर्षांत त्यांनी एकमेकांशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मग मात्र दोघांनी साठवलेलं सगळं काढलं. वडिलांची आरामखुर्ची कुणी पळवली इथपर्यंत प्रकरण गेलं. सान्यालबाई भक्तिभावाने ऐकत होत्या. त्यांना वाटलं, हेही मीच बसवलंय.

चारु माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आता तरी खरं सांग."

सांगितलं. उलटं कोरायचं राहिलं, म्हणालो. सान्यालबाईंचा चेहरा गार झालेल्या चहासारखा झाला. हकीमुद्दीनभाई मात्र पाठ फिरवून निघून गेले. मला वाटलं, संपलं, हा माणूस कायमचा तुटला.

थोड्या वेळाने ते रिक्षातून दुकानातला सगळ्यात मोठा आरसा घेऊन आले आणि चित्रासमोरच्या भिंतीला टेकवला. आरशात पंगत उजव्या हाताने जेवू लागली. हसुमतीबेनचा पदर जागेवर आला. फरसाणाची पाटी तेवढी उलटी झाली, पण ती वाचायला आलं होतं कोण? भिंतीवर जमनीक, आरशात रमणीक, त्यामुळे भावांचंही मिटलं, निदान आरामखुर्चीपर्यंत. सगळे माझ्या चित्राकडे पाठ करून आरशात बघायला लागले. सान्यालबाई तर त्यात आपलाच चेहरा पाहत कितीतरी वेळ उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "आपण कोण? बरोबर."

पुढल्या महिन्यात दिल्लीच्या मोठ्या प्रदर्शनासाठी निवड झाली. आरशाची. कलावंत म्हणून हकीमुद्दीनभाईंना बोलावणं आलं.

माणूस मोठ्या मनाचा. ते मला बरोबर नेतायत. एवढा आरसा गाडीतून न्यायचा तर धरायला दुसरं कुणी हवंच. आरशाच्या पाठीवर त्यांनी खडूने ठळक लिहून ठेवलंय, वर कुठलं आणि खाली कुठलं. खास माझ्यासाठी.