एकसष्टावा विद्यार्थी

सर सकाळपासून स्टाफरूममध्ये येरझाऱ्या घालत होते. साठ मुलांचे कॉम्प्युटर प्रोग्राम तपासून बाराच्या आत मार्क द्यायचे, आणि नेमकं आजच विभागप्रमुख बाई त्यांना नोकरीत कायम करायचं की नाही ते ठरवणार! जिवाला थारा कसा तो नाही. शेवटी त्यांनी साठच्या साठ प्रोग्राम एआयच्या गळ्यात मारले. यंत्राची पारख व्हावी म्हणून स्वतःचं नमुना उत्तरही, नावासकट, एकसष्टावं म्हणून आत सरकवलं.

दहा मिनिटांत यादी तयार. ती वाचायची कोणी? सरांनी तशीच ऑफिसला धाडली, चहा मागवला आणि मग सहज नजर टाकली. साठ पास. एकसष्टावा दहापैकी तीन! शेरा: ‘पाया कच्चा. पालकांना बोलवावे.’

चहा टाकून सर ऑफिसात पळाले. “अहो, ती यादी थांबवा!”

“थांबवा काय? काम फत्ते!” क्लार्क खुशीत म्हणाला. “एकच नापास होता. मुलांच्या रजिस्टरात नाव सापडेना, पण मी सोडतोय होय? कर्मचाऱ्यांच्या रजिस्टरात सापडलं. वडिलांना फोनसुद्धा केला.”

“अहो, तो मी आहे!”

“तरीच! नाव ओळखीचं वाटत होतं.”

सर बाईंच्या केबिनशी पोचले तेव्हा बाबा कडक इस्त्रीच्या शर्टात आत बसलेले. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस, बोलावल्यावर उशीर करतोय थोडाच!

“मॅडम, लहानपणापासून कानीकपाळी ओरडतोय, उत्तर एकदा तपासून दे. ऐकेल तर शपथ!”

बाईंनी सरांची फाइल मिटली.

“यंत्राकडून तपासलंत, वर यादीही वाचली नाहीत? पाचपर्यंत सगळे स्वतः तपासून आणा. मगच या फाइलवर सही.”

“मी बसतो सोबत,” म्हणत बाबांनी खिशातून लाल पेन काढलं.

पाचला छापील प्रोग्रामांचा गठ्ठा बाईंपुढे गेला आणि सही झाली. सरांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्यांना तळाशी एकसष्टावा कागद दिसला. यंत्रानं तीन दिले होते, बाबांनी अडीच.

“बाबा, अहो, मी शिकवतो हे!”

“म्हणून काय झालं? सरासरी काढताना वर्गात मुलंच नसली तर शून्यानं भागशील, त्याचा एक गुण यंत्रानं कापला. बाकीचंही बरोबरच कापलंय.”

“मग यंत्रापेक्षा अर्धा कमी कशाला?”

“तो समास सोडला नाहीस त्याचा.”

आणि खाली पालकांची सहीही त्यांनीच करून टाकली होती.