हिरवी वाट, सर्वांसाठी

वन कार्यालयाच्या नव्या प्रमुख मॅडमनी तक्रारवही नकाशेसाहेबांपुढे सरकवली आणि सावकाश वाचा म्हणाल्या. तक्रारदार निवृत्त शिक्षक होते, त्यामुळे मजकूर मुद्देसूद होता. जंगलातल्या चार सायकलवाटांपैकी सर्वांत सोपी, फलकावर 'हिरवी – सर्वांसाठी' असं लिहिलेली वाट निवडून ते सकाळी नऊला निघाले. नऊ वाजून दोन मिनिटांनी सायकल आणि ते वेगळे झाले. पुढची सगळी वाट त्यांनी बसून पार केली. सायकलवर नव्हे, नुसतंच बसून. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, की या कार्यालयाच्या मते 'सर्व' म्हणजे कोण.

वाटांना रंग देणं हे नकाशेसाहेबांचं काम. त्यांचं आडनाव दुसरंच होतं, पण अकरा वर्षं नकाशांच्या कपाटाला पाठ लावून बसल्यावर ते कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. नवशिक्यांना हिरवी, बऱ्यापैकी येणाऱ्यांना निळी, पट्टीच्या स्वारांना तांबडी आणि जिवावर उदार झालेल्यांना काळी, अशी विभागणी होती. ती ठरवण्याची साहेबांची पद्धत अत्यंत शास्त्रीय होती. नकाशातल्या वाटेवर दोरा ठेवायचा आणि तो पट्टीने मोजायचा. दोरा जितका छोटा, तितकी वाट सोपी. कमी अंतर, कमी त्रास. यात न समजण्यासारखं काय आहे?

सर्वांत छोटी वाट टेकडीच्या माथ्यावरून थेट ओढ्यात उतरत होती, म्हणूनच ती छोटी होती. चढउतार दाखवणाऱ्या रेघांची तिथे इतकी गर्दी झाली होती, की नकाशा घाणेरडा दिसायला लागला. तेव्हा साहेबांनी स्वच्छतेच्या दृष्टीने त्या खोडून टाकल्या. सर्वांत लांब वाट टेकडीला ऐसपैस वळसा घालून जवळजवळ सपाटीनेच जायची. तिच्या वाट्याला काळा रंग आणि कवटीचं चित्र आलं. त्या कवटीखालून रोज संध्याकाळी आजूबाजूच्या आज्या बाबागाड्या ढकलत फिरायला जात. अकरा वर्षांत तक्रार आली नव्हती, कारण येणारे सगळे मुरलेले स्वार. हिरव्या वाटेवर त्यांचा जीव खूश व्हायचा, आणि फलक वाचणं त्यांना कमीपणाचं वाटायचं.

"ज्यानं रंग दिला त्यानं त्या वाटेवर सायकल चालवून बघावी, असं मला वाटतं," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या सोमवारी आपण दोघं जाऊ. सायकल येते ना तुम्हाला?"

"म्हणजे काय," नकाशेसाहेब म्हणाले. अवघड प्रश्नांना ते अकरा वर्षं हेच उत्तर देत आले होते.

"हो, सेवापुस्तकात आहे. 'उत्तम' असं लिहिलंय तुम्ही."

लिहिलं होतं खरं. या कार्यालयात बदलीवर येताना कोणीतरी कानात सांगितलं होतं, की सायकल न येणाऱ्यांना जंगलात पायी फिरतीवर पाठवतात; येणाऱ्यांना मात्र सरकारी सायकल मिळेपर्यंत कार्यालयात बसवून ठेवतात. सायकली अजून आल्या नव्हत्या. तोवर साहेबांनी खिडकीजवळच्या खुर्चीवर जम बसवला होता. तिच्यावर बायकोने शिवलेली उशी होती आणि खाली पाय ठेवायला पालथा खोका होता. निवृत्तीला चार वर्षं उरली होती आणि ती त्या खुर्चीतून न उठता काढायची, एवढी एकच महत्त्वाकांक्षा या साध्या माणसाने बाळगली होती. खोटं उघडं पडलं तर खुर्ची जाणार होती.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि हातातलं काम न थांबवता सांगितलं, "अहो, स्टुलावर चढून बल्ब बदलताना तुम्हाला घेरी येते. खरं सांगून मोकळे व्हा."

खरं सांगणं ज्यांच्या खुर्चीवर उशी नसते त्यांना परवडतं, असं साहेबांचं मत पडलं. हा वाद आतल्या खोलीत सासऱ्यांनी ऐकला. सासरे निवृत्त पोस्टमन. चौतीस वर्षं त्यांनी सायकलवरून टपाल वाटलं होतं, आणि जावयाला सायकल येत नाही हे दुःख लेकीच्या लग्नापासून मुकाट्याने गिळलं होतं. ते लगबगीने बाहेर आले.

"जावईबापू, आठवडा म्हणजे चिक्कार झाला. मी चार दिवसांत शिकलो, तेही गळ्यात पिशवी अडकवून."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला इमारतीच्या पार्किंगमध्ये शाळा भरली. सासऱ्यांनी जे शिकवलं ते मन लावून शिकवलं. फक्त ते पोस्टमनचं शिक्षण होतं. नाकासमोर जायचं, घंटी वाजवायची आणि फाटक दिसलं की पाय टाकून झोकात उतरायचं. पार्किंग लांबलचक आणि अरुंद असल्यामुळे भिंत आली की दोघं मिळून सायकल उचलून उलटी फिरवत. सहाव्या दिवशी साहेबांनी विचारलं, की वळायचं कसं. ते रस्त्यावर आपोआप येतं, असं उत्तर मिळालं.

"आणि उतारावर?"

सासऱ्यांनी चाकातली हवा दाबून पाहिली. "माझ्या हद्दीत उतार नव्हता," ते म्हणाले.

सोमवारी जंगलाच्या तोंडाशी भाड्याने सायकली देणाऱ्या मेकॅनिकने साहेबांना जाड टायरांची सायकल दिली, डोक्याला हेल्मेट घातलं आणि गुडघ्याकोपरांना पॅड बांधले. इतकी बांधाबांध पाहून साहेबांना धीर येण्याऐवजी जे समजायचं ते समजलं. घंटी शोधली, तर ती नव्हतीच. म्हणजे शिकलेल्या तीन गोष्टींपैकी एक निघण्याआधीच बाद झाली, आणि जंगलात फाटक असण्याची शक्यता कमीच होती.

पहिले पन्नास मीटर सपाट होते. तेवढ्यात साहेब इतके ऐटीत चालले, की मॅडमनी मागून शाबासकी दिली. मग नकाशात ज्या ठिकाणी त्यांनी रेघा खोडल्या होत्या, त्या ठिकाणी जमीनही संपली. पुढचं चाक एका उघड्या मुळावर आपटलं आणि साहेब रस्त्यावर बसते झाले. वरिष्ठ वरून पाहत असताना जमिनीवर बसलेल्या माणसाने काय करावं? साहेबांनी खिशातून वही काढली आणि लिहायला सुरुवात केली.

"काय लिहिताय?" मॅडमनी विचारलं.

"निरीक्षण," साहेब म्हणाले. "मूळ. उघडं. डावीकडे."

एकदा ही थाप पचली म्हटल्यावर तिला जागणं भाग होतं. दगडापाशी ते पडले, तिथे दगडाची नोंद झाली. चिखलात पडले, तिथे चिखलाची झाली. एका ठिकाणी पडायला काहीच कारण नव्हतं, म्हणून 'हवा' असं लिहिलं. इतकं बारकाईने काम करणारा माणूस आपण या कार्यालयात पाहिला नाही, असं मॅडम दर थांब्यावर म्हणत होत्या. चौदाव्या नोंदीनंतर वाट उजवीकडे वळली. साहेब वळले नाहीत. झुडपं आडवी करून ते ओढ्यात कमरेपर्यंत गेले आणि तिथेच बसून राहिले. वही भिजली होती, त्यामुळे आता करण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

मॅडम काठावर येऊन थांबल्या. त्यांचा चेहरा उत्साहाने फुलला होता. बाकीच्या तिन्ही वाटाही याच पद्धतीने तपासायच्या, उद्यापासूनच, असं त्यांनी जाहीर केलं. साहेबांचं कोपर ठणकत होतं, डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते ओढ्याचं नव्हतं.

"मॅडम, मला सायकल येत नाही," ते म्हणाले. "कधीच येत नव्हती. रंग मी दोऱ्यानं मोजून दिलेत."

बोलून झाल्यावर त्यांना अकरा वर्षांत पहिल्यांदा हलकं वाटलं. मग खुर्ची आठवली आणि हलकेपणा गेला. मॅडम दगडावर बसल्या आणि त्यांनी हेल्मेट काढलं.

"मला येते, मेकॅनिकला येते, इथं येणाऱ्या सगळ्यांना येते," त्या म्हणाल्या. "आम्हाला विचाराल तर चारही वाटा हिरव्याच. रुजू झाल्यापासून मी एक तरी न येणारा माणूस शोधतेय. तुम्ही कुठं होतात इतके दिवस?"

खुर्चीत होतो, हे साहेबांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आदेश निघाला. नकाशेसाहेब आता परीक्षक झाले. दर सोमवारी त्यांनी प्रत्येक वाटेवर जायचं: एकदाही पडले नाहीत तर ती हिरवी, तिनापर्यंत निळी, सातापर्यंत तांबडी आणि त्याच्यापुढे काळी. आज्यांची वाट त्याच आठवड्यात हिरवी झाली, कवटी उपटून ओढ्याच्या वाटेवर ठोकण्यात आली आणि निवृत्त शिक्षकांना आभाराचं पत्र गेलं. आदेशासोबत मॅडमनी एक तोंडी अटही घातली. साहेबांनी सायकल शिकायची नाही. ते शिकले की बाकीच्यांसारखेच झाले. मग नाइलाजाने त्यांना परत खुर्चीत बसवावं लागेल.

हे ऐकून साहेबांना अंधारात वाट सापडली. शिकलं की खुर्ची परत! त्या दिवसापासून ते पहाटे सासऱ्यांच्या आधी पार्किंगमध्ये हजर होऊ लागले. सासऱ्यांनी एका जुन्या सहकाऱ्याला बोलावलं, कारण त्याच्या हद्दीत वळणंही होती आणि उतारही. कोपरं सोलली, गुडघे काळेनिळे झाले. बायकोने हळदीचा डबा कपाटातून काढून कायमचा टेबलावर ठेवला.

सातव्या सोमवारी साहेब निळ्या वाटेवर निघाले. दर खेपेला या वाटेवर ते तीनदा पडत. पहिला खडक आला आणि मागे गेला. ओंडका आला, तोही गेला. झाडांच्या फटींतून ऊन उतरत होतं, वारा कानांत शिरत होता, आणि छप्पन्न वर्षांचा हा सरकारी नोकर उतारावर चक्क हसत होता. त्यांना फार, फार आनंद झाला होता. मग त्या आनंदात खिडकीजवळची खुर्ची डोळ्यांसमोर आली, चार वर्षं आली, पाय ठेवायचा खोका आला, आणि आता हे सगळं परत मिळणार, हा उतार मात्र जाणार, हे त्यांच्या ध्यानात आलं.

शेवटच्या वळणापलीकडे मॅडम नोंदवही घेऊन उभ्या होत्या. नकाशेसाहेबांनी हळूच ब्रेक दाबला. आजूबाजूला बघून वाळलेल्या पानांचा एक मऊसा ढीग निवडला आणि सायकलसकट त्याच्यावर आडवे झाले.

"मॅडम," त्यांनी तिथूनच हाक मारली, "तीन लिहा."